पिवळा चिखल

तपासणीत शुगर निघाल्यापासून हिरामण सकाळीच पांढरे बूट चढवून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला निघायचा. राइस मिलमध्ये दिवसभर बैठं काम, म्हणून बायकोनंच हा नेम लावलेला. पाय मात्र पाळीऐवजी तुमसर स्टँडवरच्या तर्रीपोह्यांकडे वळायचे. परतताना तो बोरिंगचं पाणी तोंडावर मारून घाम आणायचा. आज सुटीच्या दुपारी जेवताना बायकोच्याही ताटात ज्वारीची भाकर दिसली. ती भाताशिवाय कधीच जेवली नव्हती. “तू कायले भाकर खाऊन राहिली?” “तुमाले भात बंद, अन् मी समोर बसून खाऊ? मीबी सोडला.” त्यानं उचललेला घास परत ताटात ठेवला. जेवणानंतर ती त्याचे बूट घासायला बसली. टोकावर पिवळा डाग होता. “पाळीवरचा चिखल पिवळा असते काय?” त्यानं मान खाली घातली. “हळद हाय, उन्हानं जाते,” असं म्हणत तिनं बूट अंगणातल्या उन्हात ठेवले. हिरामण मात्र सावलीतच बसून राहिला.