ठमीची तपासणी

डॉक्टरांचा हात कोपराच्या वरपर्यंत ठमी कालवडीच्या आत गेला आणि त्यांची बडबड एकदम थांबली. गोठ्यात पाऊल टाकल्यापासून हा माणूस मिनिटभर गप्प नव्हता. आता मान वाकडी करून, डोळे मिटून नुसता चाचपत होता. शेपूट धरून उभ्या असलेल्या सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाण्याची बादली उगाच इकडची तिकडे केली.

"दोन वर्षं उलटून तीन महिने झाले हिला," सून म्हणाली. "अंग बघा कसं भरलंय. जंताचं औषध वेळच्या वेळी, लस एक चुकवलेली नाही. फक्त माजावर तेवढी येत नाही. लाजरी असेल हो! मुका माज असतो ना एखादीला?"

"असतो, असतो," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं.

तो मुका माज पकडायचा म्हणून ही पोरगी वर्षभर सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास गोठ्याच्या दारात बसत होती. ठमीनं जरा शेपूट उडवलं की हिच्या जिवाची घालमेल. ठमीचं पहिलं वासरू मी माझ्या हातांनी काढणार, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होती. सासरे ऐकायचे आणि मान खाली घालून शेण ओढायला लागायचे. काय बोलणार? चाळीस वर्षं गुरांत काढलेला माणूस, पण इथं मूग गिळून गप्प होता.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. "पिशवी अगदीच बारीक लागतेय. असून नसल्यासारखी." हातमोजा उलटा करून काढता काढता त्यांनी विचारलं, "ताई, ही जन्मली तेव्हा जुळं होतं का? बरोबर गोऱ्हा होता?"

"छे हो! एकटीच होती. बाबांनीच काढलं ना हिला. काय हो बाबा?"

सासरे वाकून बादलीची कडी सरळ करत राहिले.

"नाही, म्हणून विचारलं," डॉक्टर म्हणाले. "गोऱ्ह्याबरोबर पोटात वाढली, की त्याचं रक्त हिच्यात येतं आणि हिची पिशवी धड वाढतच नाही. मग जन्मात गाभण राहायची नाही. पण तसं नसेल, तर नुसती मागे राहिलेली असेल. तीन महिने इंजेक्शनं देऊन बघू. काय सांगावं!"

"तीन काय, सहा महिने देऊ!" सुनेनं ठमीच्या पाठीवर थाप मारली. चेहरा असा फुलला होता तिचा, की सासऱ्यांना तो बघवेना. अशा दहांत एखादी चांगली निघते, असं त्यांनीही कुठंतरी ऐकलं होतं. त्या एकीच्या भरवशावर त्यांनी दोन वर्षं ढकलली होती. आता आणखी तीन महिने ढकलणं सोपं होतं. फार सोपं होतं.

"जुळं होतं," ते म्हणाले.

सुनेला आधी कळलंच नाही. "कुणाचं?"

"हिचं. गोऱ्हा आधी आला. मेलेलाच. तू आत पडली होतीस. मी बांधाच्या कडेला पुरला त्याला."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"दवाखान्यातून येऊन चार दिवस झाले होते गं तुला," सासरे म्हणाले. "रिकाम्या हातांनी आली होतीस. तुला आणखी एक मेलेलं पिल्लू कोणत्या तोंडानं सांगू? आणि मग तू हिला बाटलीनं दूध पाजायला उठलीस. त्या दिवशी पहिल्यांदा जेवलीस. मग तर जीभच रेटेना."

डॉक्टरांनी हात दोनदा धुतले. बॅग बंद केली. "घाई नाही काका, हिचं काय करायचं ते सावकाश ठरवा," असं पुटपुटले आणि चहाला न थांबता गेले.

सून ओरडली असती, भांडली असती, तर सासऱ्यांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त शेपटीची पकड सोडली. ठमी मान वळवून तिचा पदर चघळायला लागली, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही. मग तिनं विचारलं, "कसा होता तो?"

"कोण?"

"गोऱ्हा."

"काळा," सासरे म्हणाले. "कपाळावर पांढरा ठिपका. पुरता वाढलेला होता. खुरं तेवढी मऊ होती." आपण सगळं विसरलो, असं त्यांना वाटत होतं. कुठलं काय!

"आणि माझं?"

सासऱ्यांना वर बघवेना. दवाखान्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, तिला दाखवायचं नाही, उगाच जिवाला लावून घेईल. बाळाला कापडात गुंडाळून सासरेच घेऊन गेले होते. तिचा नवरा कोसळला होता. कुणीतरी जायलाच हवं होतं.

"मुलगा होता, एवढंच माहितीय मला बाबा," ती म्हणाली. "कुणी काही सांगतच नाही. विचारलं की विषय बदलतात."

सासरे बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

"केस होते," ते म्हणाले. "भरपूर. कपाळावर आले होते. मी मागे सारले."