आधी सही

गोल करवतीवर फळी कशी धरायची, ते सुतारकामाच्या बाई वर्गातल्या मुलींना दाखवत होत्या. लाकडातल्या गाठीला पातं अडलं, फळी उसळली आणि बाईंचा उजवा तळहात चिरला गेला. मशीन शाळेत आलं तेव्हापासून त्याच्या पात्यावर झाकणच नव्हतं. ते बसवा म्हणून बाईंनी हेडमास्तरांना तीन अर्ज दिले होते.

मुली मात्र डगमगल्या नाहीत. एकीने झटकन मशीन बंद केलं, एक ऑफिसकडे पळाली. तिसरीने जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरलं आणि वरून पट्टी आवळली.

"बाई, हात वर धरा! भिजलं तरी कापड काढायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना?" ती चक्क दरडावत होती. कळ मस्तकात जात असतानाही बाईंना तिचं कौतुक वाटलं.

दहा मिनिटांनी हेडमास्तर धापा टाकत आले. हाताकडे न बघताच त्यांनी एक कागद पुढे केला. "ॲम्ब्युलन्स येतेच आहे. तोवर यावर तेवढी सही करून टाका."

कागदावर लिहिलं होतं, 'पात्यावरचं झाकण मी स्वतःच काढून ठेवलं होतं.'

बाईंनी वर धरलेला हात त्यांच्या डोळ्यांसमोर नेला.

"सर, उजवा हात बांधलाय माझा. दिसत नाही का तुम्हाला?"

"मग डाव्या हाताचा अंगठा चालेल की," हेडमास्तर म्हणाले.



शाईचं पॅड ते येतानाच घेऊन आले होते.