गळकी अक्षरं

"काका, मधेच अख्खी ओळ बंद पडते आणि मधेच आपोआप चालू होते," म्हणत त्या तरुणीने दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर लॅपटॉप ठेवला. "आज संध्याकाळी भाषांतराच्या नोकरीची परीक्षा आहे, ऑनलाइन. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. ही संधी गेली तर गेलीच."

"कुठली ओळ?"

"आकड्यांच्या खालची."

काकांनी मान हलवली. असले लहरी बिघाड त्यांना मनापासून आवडत. सरळ मेलेला कीबोर्ड कोणीही बदलतो. कधी चालणारा, कधी रुसणारा कीबोर्ड वठणीवर आणायला चिवटपणा लागतो, आणि तो काकांकडे वारेमाप होता.

"संध्याकाळच्या आत घेऊन जा. शब्द दिला."

दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त केलेला कुठलाही कीबोर्ड काका स्वतः दोन्ही हातांनी, बोटांकडे न बघता, पानभर टाइप करून तपासत. एकही अक्षर गळलं तर मशीन बाहेर जात नसे. तरुणपणी टायपिंगच्या परीक्षेत ते पहिले आले होते, आणि ही बातमी न ऐकता आजवर एकही गिऱ्हाईक दुकानातून सुटलं नव्हतं.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणायला नको," ते आजही म्हणाले.

तसा दिवस सकाळपासूनच धड नव्हता. चहाचा कप हातातून निसटून शर्टावर सांडला होता. दुकानात शिरताना एक चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली, ती काउंटर सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलीने उचलून आणून दिली होती. "बाबा, उद्या पाय विसरून याल," ती हसत म्हणाली होती.

काकांनी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि सवयीप्रमाणे ओठांच्या कोपऱ्यात धरले. स्क्रूंसाठी मुलीने झाकणाची छान डबी आणून ठेवली होती. त्या डबीत काका बडीशेप ठेवत.

पाणी कुठे मुरतंय ते लगेच सापडलं. कीबोर्डला आतून मशीनशी जोडणारी पातळ पट्टी तिच्या खाचेतून अर्धवट निसटली होती.

"पट्टी सैल झालीय," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"पट्टी सैल झालीय म्हणतायत," मुलगी म्हणाली. "तोंडात स्क्रू असले की बाबांची भाषा फक्त मला कळते."

काकांनी पट्टी नीट बसवली, मशीन चालू केलं आणि टायपिंगला बसले. एका बोटाने दाबून पाहिलेली वरची ओळ खणखणीत उमटली. पण दोन्ही हातांनी पान टाइप करताना डावीकडची अक्षरं गळत होती. एक यायचं, पुढची दोन गायब. परत एखादं यायचं.

"ही तक्रार तर माझी नव्हती," ती तरुणी म्हणाली.

"एक दुखणं गेलं की दुसरं डोकं वर काढतं," काका म्हणाले. मुलीने तेही समजावून सांगितलं.

मग त्यांनी अख्खा कीबोर्डच बदलला. नवा बसवताना एक स्क्रू हातातून दोनदा खाली पडला. मुलीने दोन्ही वेळा टेबलाखाली शिरून तो शोधला. एरवी काकांच्या हातून राईही सांडत नसे. पण परीक्षेची वेळ जवळ येत होती, घाईत होतं असं कधी कधी.

नव्या कीबोर्डवरही डावीकडची अक्षरं गळली.

मुलीने टाइप करून पाहिलं. सगळं स्वच्छ. गिऱ्हाइकानेही दोन परिच्छेद टाइप केले. एक अक्षर चुकलं नाही.

"काका, झालंय की छान! द्या ना, निघायला हवं."

"तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतोय. परीक्षेत ऐन वेळी दगा देईल, मग माझ्या नावाने बोटं मोडाल." काकांचा आवाज चढला. त्यांना या पोरीची खरोखर काळजी वाटत होती. तिच्या चेहऱ्यावरची धडपड त्यांनी स्वतःच्या उमेदवारीच्या दिवसांत आरशात पाहिली होती.

गिऱ्हाइकाने मुलीकडे पाहिलं. या खेपेला त्यांचं बोलणं मुलीलाही नीट कळलं नव्हतं.

काकांनी हार मानली नाही. खाच पुसली. पट्टी पुन्हा बसवली. एकेक स्क्रू जागच्या जागी पिळला, लॅपटॉप सरळ केला आणि पुन्हा टाइप करायला बसले. डावीकडची अक्षरं आता जवळजवळ येतच नव्हती.

मुलीने काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून लॅपटॉपला जोडला. सकाळपासून त्यावर ती काम करत होती, कुरकुर नव्हती.

"बाबा, यावर करून बघा."

काकांनी बोटं ठेवली. उजवीकडची अक्षरं भराभर उमटली. डावीकडची नाहीत.

"आता हाही बिघडला की काय?" ते म्हणाले.

"आधी तोंडातले स्क्रू काढा बाबा, मग बोला," मुलीने तळहात पुढे केला.

"कुठले स्क्रू?" म्हणत काकांनी तोंड उघडून दाखवलं. तोंडात काहीच नव्हतं.

मुलीने लॅपटॉप उलटा करून पाहिला. सगळे स्क्रू जागेवर होते. तिने तो गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "तुझा लॅपटॉप ठणठणीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली आणि फोन उचलता उचलता काकांकडे वळली.

"बाबा, दोन्ही हात वर करा बघू."

हे काय आता भलतंच, असं काकांना वाटलं. पण मुलीचा चेहरा पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले. मुलगी मात्र टेबलाकडे बघत होती. काकांनीही तिकडे पाहिलं. त्यांचा डावा हात अजून कीबोर्डवरच होता.