महांतेशचा हात

"महांतेशला खोलीत कोंडा. भर मांडवात बोंब मारंल," नवरीचे वडील शिवाप्पा म्हणाले.

"अण्णाला कोंडलं तर मी बी अक्षताला उभी ऱ्हात न्हाई," नवरी झालेली अंबिका ठणकावून बोलली.

तिच्या मतिमंद थोरल्या भावाला, महांतेशला, बोलता येत नसे. गोंगाट झाला की तो रक्त येईस्तोवर स्वतःचा हात चावायचा. वर्षभर खपून अंबिकेनं त्याला एकच शिकवलं होतं: सोसेना झालं की हात वर कर. हात वर गेला की घरातला टेप बंद, बाया गप्प. बापानंसुद्धा शिवी अर्ध्यात गिळायची. शिवाप्पांना तो पोरखेळ वाटे.

मांडवात बँड दणाणला. महांतेशचा हात तोंडाशी गेला, थबकला आणि ताठ वर झाला. अंबिकेनं बजावून ठेवलेल्या बँडवाल्यांनी ढोल तिथंच थांबवला. सगळं लग्न तो पहिल्या रांगेत बसून होता.

दिवस कलताना नवरीची जीप सासरी, हुमनाबादच्या वाटेला लागली. बँड केव्हाच गेला होता. तरी महांतेश जीपपुढं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, अंबिकेकडे बघत, हात वर करून.

वऱ्हाडी त्याला ओढायला धावले. त्यांना आडवे होत शिवाप्पा ओरडले, "गाडी बंद कर रे! माझं लेकरू बोलायलंय!"