आईचा आवाज

डिसेंबरात वणीजवळच्या डोंगरावर दौलतनं कॉटेज घेऊन दोन्ही बहिणींना सहकुटुंब बोलावलं, तेव्हाच धाकट्या उज्वलाला शंका आली. एरवी हा साधा फोनही करत नाही. सकाळी सगळे शेकोटीभोवती बसले, तर दौलत आईला एकटीला आतल्या खोलीत घेऊन गेला. उज्वला दाराशी उभी राहिली. "परत बोल, आई. नाव घेऊन," तो म्हणत होता. हातात मोबाईल होता. सटाण्याचा मळा आईच्या नावावर आहे, तो हा लाटणार, असं वाटून उज्वलानं आत शिरून मोबाईल हिसकावला आणि रेकॉर्डिंग लावलं. "उज्वले, जेवलीस का गं?" आईचा घोगरा आवाज. समोर बसलेली आई म्हणाली, "सोमवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. मीच म्हटलं, पोरींना सांगू नको." उज्वला खाली बसली. मोबाईल दौलतकडे देत म्हणाली, "दादा, चालू कर. आई, मला चांगली रागाव."