आधी तिला

शिकाऊ विमानानं धावपट्टी सोडली आणि झाडांच्या वर जातं न जातं तोच त्याचा आवाज बंद पडला. बंबाच्या काचा पुसत उभ्या असलेल्या मामांनी मान वर केली. विमान एका अंगाला कलंडलं आणि कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या शेतात नाकावर आपटलं.

त्या छोट्या विमानतळावर मामा एकोणीस वर्षं आगीचा बंब चालवत होते. दर मंगळवारी सराव, बाकी दिवसभर वाट बघणं. ‘मामांचा बंब म्हणजे झाडांना पाणी घालायला,’ असं विमान शिकवणारे सर त्यांना चिडवायचे. आज मामांनी कुंपण तोडून बंब सरळ शेतात घातला.

आग लागली नव्हती, पण इंधन ठिबकत होतं. बंबावरच्या जोडीदारानं त्यावर फेस मारायला घेतला. मामा आत वाकले.

डावीकडे शिकणारी मुलगी होती. रोज येताजाता ‘मामा, आज वारा कसाय?’ विचारायची. मामांनी तिच्या गळ्याला बोटं लावली. जरा थांबून परत लावली. काही नव्हतं.

उजवीकडे सर शुद्धीवर होते. दोघांच्या मध्ये पत्रा वाकून आला होता आणि सरांच्या कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळलं होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मामा त्यांचा पट्टा कापायला गेले, तसा त्यांनी मामांचा हात झटकला.

“आधी तिला काढा.”

“सर, हात बाजूला घ्या.”

“मामा, आधी तिला. मी हलणार नाही.”

त्यांनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. इंधनाचा वास वाढत चालला होता.

“तिला केव्हाच काढलं,” मामा म्हणाले. “बांधावर बसलीय.”

“बोलतेय?”

“पाणी मागतेय.”

सरांनी चौकट सोडली.

रुग्णालयात पोचेपर्यंत त्यांनी मामांचा हात धरून ठेवला होता. त्यांना शस्त्रक्रियेला आत नेत असतानाच मुलीची आई तिला हाका मारत जिन्यावरून धावत आली. शिवणाच्या मशीनवरून उठली होती तशीच. गळ्यात मापाची टेप लोंबत होती. सरांनी तिला आवाजावरून ओळखलं. मान उचलून म्हणाले, “काळजी करू नका. मामांनी आधी तिलाच काढलं.”

दार बंद झालं.

बाईच्या जिवात जीव आला. तिनं मामांचे दोन्ही हात हातात घेतले. मातीनं आणि रक्तानं माखलेले ते हात तिनं सोडले नाहीत.

“भाऊ, तुम्ही देवासारखे धावलात. कुठल्या खोलीत आहे ती? मी रागावणार नाही तिला. सकाळी जरा बोलले होते, डबा विसरली म्हणून. आता काही बोलणार नाही.”

मामांनी तोंड उघडलं. शेतात अलगद बाहेर पडलेलं खोटं आता जिभेवर येईना, आणि खरंही येईना. त्यांनी भिंतीजवळच्या बाकाकडे हात केला.

“ताई, आधी बसा.”

बाईनं बाकाकडे पाहिलं. मग मामांकडे. ओठांवरचं हसू तसंच राहून गेलं होतं.

“नको,” ती हळूच म्हणाली. “मी उभीच बरी आहे.”