इंजिनाची साक्ष

"हात लावून बघ! बघ म्हणतो ना!" खंडेराव ओरडले आणि त्यांनी मोटारसायकलची किल्ली ओढून काढली. "चटका बसतोय, चटका! चार किलोमीटर आलेल्या गाडीचं इंजिन आहे होय हे?"

प्रतीक्षा हेल्मेट हातात धरून उभी होती. कामावरून सुटल्यावर ब्रेक आवळून घ्यायला ती सालवडच्या नाक्यावर, जिव्याच्या गॅरेजपाशी थांबली होती. तेवढ्यात वडिलांच्या फॅक्टरीची बस आली. खंडेराव उतरले ते सरळ गाडीकडे. पोरीशी एक शब्द बोलायच्या आधी त्यांनी इंजिनाला हात लावला.

हाताची मागची बाजू. ही त्यांची फॅक्टरीतली सवय. चोवीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. कुठला पंप किती वेळ चालला, हे ते पंपाला हात लावून सांगायचे आणि साहेबलोकही मान डोलवायचे. दुचाकी मात्र त्यांनी जन्मात चालवली नव्हती. गाडी त्यांच्या नावावर होती आणि तिच्यावर त्यांची पाळत होती. रोज त्यांची बस येईपर्यंत ती दारात तासभर उभी असायची, हाताला कोमट लागायची. आज ताजी सापडली.

"कंपनीतून सरळ इथं आले, बाबा."

"खोटं! तिकडं वीस किलोमीटर, मनोरपर्यंत तरी जाऊन आलीस तू. कोण आहे तिकडं? बोल!"

नाक्यावरची माणसं थांबली. असल्या वेळी कुणाला घरची कामं आठवत नाहीत.

"उद्यापासून काम बंद," खंडेरावांनी किल्ली खिशात टाकली. "गावाकडं स्थळ आहे. बास झाले तुझे लाड."

लाड! दोन वर्षं ती औषध कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर राबली होती आणि येत्या सोमवारी तिला कायम करणार होते. पण प्रतीक्षा रडली नाही.

"जिव्यादादा," ती म्हणाली, "तुमची ती टेंपरेचरची बंदूक आणा."

जिव्याने ती इंजिनावर रोखली. एकशे अठ्ठावीस.

"ऐका!" खंडेराव जमलेल्या लोकांकडे वळले. "एकशे अठ्ठावीस! शंभरला पाणी उकळतं! आणि ही म्हणते सरळ आले!"

"काका, एअरकूल इंजिन हाय," जिव्या म्हणाला. "यात पानी फिरत नाय. ह्या पात्यांना वारा लागतो, त्यानंच ते थंड व्हते. चालत्या गाडीचं सव्वाशे-दीडशे व्हनारच. त्यात बिघाड काय नाय."

"आणि मनोरला जाऊन आली तर?"

"तरी इतकंच."

"दहा मिनिटांत तेवढंच आणि तासाभरात तेवढंच? मला अक्कल शिकवतोस? किती दिले हिनं तुला, हिची बाजू घ्यायला?"

आता जिव्याचंही टाळकं फिरलं. हातातला पाना त्याने फरशीवर आपटला. त्याची स्वतःची गाडी सकाळपासून सावलीत उभी होती. त्याने बंदूक तिच्यावर रोखली. "वाचा, काका. मोठ्यानं वाचा."

"छत्तीस," खंडेराव पुटपुटले.

"आता घड्याल बघा."

गाडीवर टांग टाकून जिव्या बोईसर स्टेशनच्या दिशेने गेला. बापलेक गॅरेजच्या दोन टोकांना उभे राहिले. दहा मिनिटांनी जिव्या परतला. एकशे सव्वीस. तेवढ्यात मनोरहून आलेलं एक गिऱ्हाईक हवा भरायला थांबलं. जिव्याने त्याच्याही इंजिनावर बंदूक धरली. एकशे चोवीस.

"ही मनोरवरनं आली, आनि दोन डिग्री कमीच," जिव्या म्हणाला. "गाडी चालली, इतकंच इंजिन सांगते, काका. कुठवर गेली ते त्याला इचारू नका."

खंडेराव आकड्याशी कधी भांडले नव्हते. त्यांनी बंदूक स्वतःच्या हातात घेतली. तिन्ही गाड्या पुन्हा मोजल्या. मग ते पोरीच्या गाडीकडे वळले. आवाज निघाला तेव्हा तो नाक्यावरच्या निम्म्या लोकांना ऐकूही गेला नाही.

"गाडी नवी होती, तेव्हा?"

"तवापन."

"म्हणजे... पाच वर्षांमागं?"

"पयल्या दिवसापासनं, काका."

खंडेराव जुन्या टायरच्या ढिगावर मटकन बसले. जिव्याला वाटलं, ऊन लागलं. तो पाणी आणायला आत धावला. प्रतीक्षा जागची हलली नाही. गाडी घेतली त्या वर्षी तिची थोरली बहीण वर्षाराणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी तीही याच गाडीवरून कॉलेजातून सरळ घरी आली होती. तसं तिने शंभरदा सांगितलं, आईच्या गळ्याची शपथ घेतली. बापाने गरम इंजिनावर विश्वास ठेवला. महिन्याभरात तिला परभणीला देऊन टाकलं, नर्सिंग सोडवलं, आणि त्यानंतर ती बापाशी अवाक्षर बोलली नव्हती.

खंडेरावांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. "घे. उद्या जा कामावर."

प्रतीक्षाने किल्लीला हात लावला नाही. इतका वेळ गिळलेला राग आता तिच्या डोळ्यांत उतरला होता.

"माझं नंतर बघू. आधी ताईला फोन लावा. आणि मघाशी ओरडलात ना, तेवढ्याच मोठ्यानं बोला."